गजऱ्याची गाठ

“अण्णा, तुमच्या भाच्यानं ही मोटर भरलेली नाही. ह्यात शेवया कोंबल्यात,” पप्पा म्हणाले, आणि पडद्यामागं मी युनिफॉर्मची ओढणी तोंडात कोंबली. हसू बाहेर गेलं असतं तर धंदा बुडाला असता.

बुगडअण्णा बाहेर काउंटरला रेलून उभे असणार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा मागांचा कारखाना. इचलकरंजीत माग म्हणजे यंत्रमाग, आणि प्रत्येक मागाला स्वतःची एक मोटर. ती जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइल बांधून बसवायच्या. त्याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात, आणि ते करणाऱ्याला मिस्त्री. माझे पप्पा म्हणजे म्हेत्रे मिस्त्री.

“मोबाईलवर बघून भरली हो त्यानं,” अण्णा कुरकुरले. “म्हणाला, मामा, मिस्त्रीला कशाला पैसे घालवतायसा? तार आणा, घरीच बसून करू. इंजिनिअरिंगला हाय पोरगं.”

“मग? फिरली?”

“बटण दाबलं. हूं म्हणाली आणि बसली खाली. लग्नातलं जेवून आल्यागत.”

“तार काय, कुणीबी गुंडाळतंय अण्णा. भोवऱ्याला पोरं दोरी गुंडाळतातच की. पण मोटर भरायची म्हणजे हात लागतो. हा हात बघा.”

पप्पांनी उजवा हात वर केला असणार. मला पडद्यातून दिसत नव्हतं, पण ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे, ज्योतिषाला दाखवावा तसा.

“ते खरं हो,” अण्णा म्हणाले. “म्हणून तर परत आलो. वर्षभरात तुमच्या हातची एकबी मोटर माघारी आलेली नाही. कधी देताय?”

“परवा न्या.”

आणि अण्णांची मोटर जो हात भरणार होता, तो पडद्याच्या आत होता. त्याच्या नखांना जांभळं नेलपॉलिश होतं आणि त्याला अजून भूगोलाचा गृहपाठ लिहायचा होता.

मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, पण मधल्या काळात मी इतकी बदलले की ती नववीतली समू मला धाकटी बहीण वाटते. तिला जवळ बसवून वेणी घालून द्यावीशी वाटते.

पप्पांना शुगर निघाली मी सातवीत असताना, आणि ती डोळ्यांत उतरली. पहिल्यांदा त्यांनी दुकानातला बल्ब बदलला. मग ट्यूब बदलली. मग म्हणाले, हल्ली तारच बारीक यायला लागलीय. मग एके दिवशी मला हाक मारली, “समू, हे टोक त्या टोकालाच लागलंय का बघ गं जरा.” लागलं नव्हतं. तिथून सुरू झालं. आधी मी नुसतं बघून द्यायची, मग जोडून द्यायची, मग कॉइल बांधून द्यायची, आणि आठवीतल्या दिवाळीपर्यंत मोटर अख्खी मी भरायची आणि पप्पा गिऱ्हाईक सांभाळायचे. शाळेतून आलं की मागच्या खोलीत. पुढं शर्टिंगच्या कापडाचा पडदा.

कुणाला सांगायचं नाही, हे ठरलेलंच होतं. मिस्त्रीचे डोळे गेले म्हटल्यावर कोण मोटर टाकणार? आणि शाळेतली पोरगी भरतेय म्हटल्यावर तर त्याहून नाही.

पण खरं सांगू, मला ते जाम आवडायचं! नव्या तारेचा रंग पाकातल्या गुळासारखा असतो. हँडल फिरवायचं, तार सरसर गुंडाळत जाते, फेरे मोजणारे आकडे टकटक पुढं सरकतात. मग ती कॉइल मोटरच्या खाचेत अलगद बसवायची. अलगद म्हणजे किती, तर तारेवरचा तो पाकाचा मुलामा कुठंही खरचटता कामा नये. नखाएवढा ओरखडा गेला तरी आत तारेला तार चिकटते आणि मोटर जळते. म्हणून डोळे लागतात. हात नंतर.

आणि शेवटी दोऱ्यानं बांधायचं. सगळ्या कॉइल एकमेकींना घट्ट बांधल्या नाहीत तर मोटर फिरताना त्या थरथरतात, घासतात. ह्या बांधणीवरून मिस्त्री ओळखता येतो. पप्पा गाठीवर गाठ मारायचे. त्यांची गाठ जोंधळ्याच्या दाण्यासारखी टपोरी, बोटाला लागणारी. मला ती कधीच जमली नाही. मला गाठ शिकवली होती आईनं, आणि ती मोटरची नव्हतीच. आई संध्याकाळी फुलवाल्यासाठी गजरे करून द्यायची. मांडीवर ओल्या फडक्यात कळ्या, पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोरा, दोन बोटांवर फास टाकून सर्रकन ओढला की कळ्यांची जोडी बसली. गाठ दिसतच नाही, चपटी होऊन आत जाते, आणि ओढाल तितकी घट्ट होते. लहानपणापासून आईशेजारी बसून माझ्या बोटांना तीच वळणं पडलेली. मोटरीलाही मी तीच घातली. पप्पांनी पहिल्यांदा ती चाचपली आणि म्हणाले, “हे काय, मोटरीला गजरा?” पण सुटली नाही कधी. मग चालू झाली.

दुकानाच्या बोर्डावर लिहिलं होतं, समृद्धी मोटर रिवाइंडिंग वर्क्स. मी जन्मले त्या वर्षी पप्पांनी दुकान टाकलं, म्हणून माझं नाव. माझ्या नावाच्या दुकानात मीच पडद्यामागं, ह्याची मला तेव्हा मज्जा वाटायची. सिनेमातल्या गुप्तहेरासारखी.

एकदा मुनीरचाचा आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचंही दुकान होतं. ते आणि पप्पा एकाच उस्तादाकडं शिकलेले, म्हणून धंद्यात वैरी आणि चहाला दोस्त.

“म्हेत्रे, चहा पाज आणि खाचेत घालायचा कागद दे थोडा. माझा संपलाय.”

“कागद देतो. चहा तू पाज, तुझ्याकडं गिऱ्हाईक जास्त.”

“गिऱ्हाईक कुठलं? सगळी तुझ्याकडं वळलीत. हे बघ.” काउंटरवर काहीतरी ठेवल्याचा ठण्ण आवाज आला. “सूतगिरणीच्या रस्त्यावरच्या एका मागवाल्याची मोटर आली होती माझ्याकडं, नुसती बेअरिंग बदलायला. आत बघितलं तर हे काम. गेल्या साली तू भरलेलीस म्हणाला.”

“मग? मीच भरली.”

“तुझी गाठ मला अंधारात कळते, म्हेत्रे. उस्ताद तुझ्या गाठीला काय म्हणायचा आठवतंय? मूळव्याध. हा हात कुणाचा हाय?”

मी हँडल फिरवायचं थांबवलं.

“माझाच,” पप्पा म्हणाले. “माणूस सुधारत नाही होय?”

मुनीरचाचा पडद्याकडं तोंड केल्यागत, जरा मोठ्यानं म्हणाले, “बांधलंय झकास. असं काम गजरेवालीच करंल.” आणि कागद घेऊन गेले.

त्या रात्री जेवताना मी भाकरीचा तुकडा नाचवत म्हणाले, “पप्पा, एकदा तरी सांगा ना. फक्त मुनीरचाचांना. नाहीतर फक्त बुगडअण्णांना. त्यांचं तोंड कसं होईल!”

“सांगीन की.”

“कधी?”

“वेळ आली की सांगीन. चार लोकांत उभा राहून सांगीन, माझ्या पोरीनं भरली म्हणून. बास?”

बास! मला एवढंच पाहिजे होतं. ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपायची. आंघोळ करताना पप्पांच्या आवाजात म्हणून बघायची. वर्गात माझ्यापुढं बसणारी पल्लवी डॉक्टर होणार होती, मागची सिमरन पोलीस होणार होती. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण मला बोर्डाखाली खुर्ची टाकून बसायचं होतं, पडदा काढून.

मग शाळेनं मला विज्ञान प्रदर्शनासाठी निवडलं. कोल्हापूरला, मुक्कामी. मी एक छोटी मोटर स्वतः भरून, तिचं पोट उघडं ठेवून, आत काय काय असतं ते दाखवणार होते. जोशीबाई विचारायला लागल्या, “कुठं शिकलीस गं?” मी म्हणाले, “बघून बघून.” खोटं नव्हतं ते.

जाताना दुकानात बुगडअण्णांची आणखी एक मोटर येऊन पडलेली. मी पप्पांना म्हणाले, “ह्याला हात लावू नका हां. मी आले की लगेच भरते.”

“अगं जा की तू. आठवडा आहे हातात.”

“शप्पथ?”

“शप्पथ कसली घालतीस बापाला! चल, एसटी चुकंल.”

कोल्हापूरचं काय सांगू! टाऊन हॉलजवळच्या एका शाळेत आम्हाला उतरवलं होतं. पहिल्या दिवशी माझी त-त-प-प झाली. दुसऱ्या दिवशी एका परीक्षकानं विचारलं, “मुली, ह्या दोऱ्याचं काय काम?” आणि मी सुटले. कॉइल का थरथरते, मुलामा का खरचटतो, मोटर का जळते. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं येऊन ऐकायला लागली. मला माझाच आवाज नवीन वाटला. एवढा मोठा आवाज आपल्यात होता आणि आपण तो पडद्यामागं ओढणीत कोंबत होतो! दुसरा नंबर आला. ट्रॉफी माझ्या कोपरापर्यंत उंच होती. परतीच्या एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि कंडक्टर म्हणाला, “हिचं तिकीट काढलं काय?”

स्टँडवरून घरी न जाता थेट दुकानात आले. पप्पांनी ट्रॉफी हातात घेतली, चाचपली, काउंटरवर मधोमध ठेवली.

“वा गं माझी वाघीण! दुसरा?”

“दुसरा! पहिला सोलर कुकरला गेला. पप्पा, अण्णांची मोटर कुठाय?”

“गेली की. काल घेऊन गेले.”

“गेली? कुणी भरली?”

पप्पा फडक्यानं काउंटर पुसायला लागले. काउंटर स्वच्छ होता.

“मी भरली. अण्णा घाई करायला लागले. का, मला येत नाही होय? तुझ्या जन्माआधीपासून भरतोय मी.”

खरं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, जमतंय पप्पांना अजून. ट्रॉफीवरचं प्लॅस्टिक सोलत बसले. आणि ते पुरतं सोलून व्हायच्या आधीच बुगडअण्णांच्या कारखान्यातला हातगाडा दुकानासमोर उभा राहिला.

त्यावर मोटर होती. मागच्या बाजूचं झाकण उघडलेलं. जळक्या व्हार्निशचा वास गल्लीभर. अण्णा गाड्याच्या पुढं चालत आले होते, अंगात बनियन, कानापर्यंत लाल झालेले.

“मिस्त्री! बाहेर या! या बाहेर!”

“काय झालं अण्णा?”

“काय झालं? सकाळी चालू केली, दुपारी जाळ! जाळ निघाला मोटरीतनं! सुताचं नवं बीम चढवलं होतं, सगळं सूत काळं झालं. कापूस उडतोय सगळीकडं, ठिणगी पडली असती तर? कामगारांनी वाळू टाकली म्हणून कारखाना उभा हाय!”

शेजारचा टपरीवाला आला. समोरचे दोन मागवाले आले. आई गजऱ्यांची पाटी घेऊन फुलवाल्याकडं निघाली होती, तीही थांबली.

“हात बघा, हात बघा म्हणून सांगत होता न्हवं?” अण्णा ओरडले. “कुठाय तो हात? त्यापेक्षा माझा भाचा बरा! त्याची मोटर बसली, पण जळली तरी न्हाई! डोळे मिटून भरली काय ही?”

डोळे, हा शब्द आला आणि पप्पा हलले. मी बघितलं. ते आवाजाच्या दिशेनं बघत होते, अण्णांच्या थोडं बाजूला, जिथं अण्णा नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. समोरच्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. त्या दोघांच्याही मोटरी आमच्याकडंच यायच्या.

“अण्णा, मी भरली नाही ती,” पप्पा म्हणाले.

“मग कुणी?”

“माझ्या पोरीनं भरली.”

चार लोकांत. उभं राहून. जसं सांगितलं होतं तसंच.

“हिनं?” अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी अजून कोल्हापूरचा बॅज लावूनच होते.

“ती बघा ट्रॉफी,” पप्पांनी काउंटरकडं हात केला. “प्रदर्शनाला निवडलं म्हणून डोक्यात हवा गेली. मला एक खरी मोटर भरू द्या म्हणून हट्ट. जायच्या आधी भरून ठेवली होती. म्हटलं पोर आहे, हौस आहे. बघून घ्यायचं राहिलं माझ्याकडनं. चूक माझीच.”

चूक माझीच, हे ते इतकं छान बोलले, की टपरीवाल्यानं मान हलवली. बिचारे.

मी गाड्याजवळ गेले. मोटरमध्ये वाकून बघितलं. एक बाजू पार कोळसा झालेली. पण दुसरी बाजू शाबूत होती, आणि तिथं दोरा होता. दोऱ्यावर एकामागं एक गाठी. जोंधळ्याच्या दाण्यासारख्या. टपोऱ्या.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एकच. ही गाठ माझी नाही. तोच कोल्हापूरचा आवाज तयार होता. परीक्षकांना सांगितलं तसं सांगितलं असतं सगळं, बोट ठेवून.

तेवढ्यात माझ्या बाजूनं जाईचा वास आला. आई पाटी कमरेवर घेऊन वाकली होती. तिनंही आत बघितलं. आणि तिची नजर त्या गाठीवर थांबली. ज्या बाईनं मला गाठ शिकवली तिला वेगळं काय सांगायला हवं होतं? तिनं माझ्या दंडाला धरलं.

“समू. आत चल.”

पडद्यामागं गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “बघितलं मी.”

“मग सांग की त्यांना!”

“सांगून? सगळ्या गल्लीला कळंल मिस्त्रीला दिसत नाही म्हणून. उद्यापासून एक मोटर येणार नाही. तू चुकलीस म्हटलं तर काय म्हणतील? पोर हाय. चार दिवसांत विसरतील.”

“आणि मी?”

“तुला काय आत्ताच नाव कमवायचंय? नववीत आहेस, बाळा.” तिनं पाटी कमरेवर सारखी केली. “फुलं सुकायलीत माझी. जाते मी. तू बोलू नकोस.”

ती गेली. मी तिथं उभी होते. समोर कॉइल बांधायचं मशीन, हँडल अर्ध्यावर थांबलेलं. बाहेर अण्णांचा आवाज आता उतरत चालला होता. पप्पा म्हणत होते, फुकट भरून देतो, सुताचंही काहीतरी बघू.

मी दोन्ही हातांनी मशीन उचललं. जड होतं. पडदा डोक्यानंच बाजूला सारला आणि बाहेर काउंटरवर, ट्रॉफी ढकलून, दणकन ठेवलं.

“अण्णा, बसा,” मी म्हणाले. “मी भरून देते. इथंच. तुमच्यासमोर.”

“आता गं?”

“आत्ता.”

पप्पा म्हणाले, “समू, आत जा.” मी ऐकलं नाही. काळी तार छिन्नीनं तोडून उपसली. खाचा घासून साफ केल्या. कागद घातला. हँडल फिरवलं. आधी लोक हसत होते, मग नुसते बघत होते. टपरीवाल्याचा चहा उतू गेला तेव्हा त्याची बायको येऊन त्याला ओढून घेऊन गेली. अण्णा स्टुलावर बसले होते, त्यांनी अंगात शर्ट आणून घातला होता. एकदा ते म्हणाले, “बोटं काय चालतात हो हिची.” पप्पा म्हणाले, “हं.”

दिवे लागून बराच वेळ झाला तेव्हा शेवटी दोरा घेतला. दोन बोटांवर फास, सर्रकन ओढ. दोन बोटांवर फास, सर्रकन ओढ. मोटर सुरू केली तेव्हा ती हूं म्हणाली नाही. गोड फिरली, मांजर घुरघुरतं तशी.

अण्णा उठले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला, त्यात काही खोट नव्हती.

“बघ. आता कशी बरोबर भरलीस. चुकल्याशिवाय माणूस शिकत नाही, पोरी.”

“शिकंल हळूहळू,” पप्पा म्हणाले.

अण्णांची मोटर गाड्यावर चढवायच्या आधी पप्पांनी ती एकदा जवळ ओढली. अंगठा आत घातला आणि बांधणीवरून फिरवला. डोळे नसले तरी त्यांचा अंगठा हुशार होता. तो गाठ शोधत गेला, आणि त्याला ती कुठंच लागली नाही. सगळीकडं सपाट.

शटर ओढल्यावर मी विचारलं, “पप्पा, तुम्ही म्हणाला होता चार लोकांत सांगीन.”

ते कुलूप चाचपत होते. किल्ली भोकात जात नव्हती. मी नेहमी घालून द्यायची, त्या दिवशी घातली नाही.

“सांगितलं की मग,” ते म्हणाले.

त्यानंतर मी त्या दुकानात तारेला हात लावला नाही. भांडले नाही, रडले नाही, अभ्यास आहे म्हणाले. नववी झाली, दहावी आली, दहावीला सगळ्यांनाच अभ्यास असतो, कुणी काही विचारलं नाही. आईनं एकदा विचारलं, “किती दिवस गं?” मी तिच्या मांडीवरच्या कळ्या जुळवून देत राहिले.

दहावीच्या सुट्टीत मी मुनीरचाचांच्या दुकानात गेले. ते मोटरमध्ये डोकं घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, “बोल, काय जळलं?”

“काम पाहिजे.”

त्यांनी वर बघितलं. मग शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं.

“आली गजरेवाली,” ते म्हणाले.

आता रविवारी आणि कॉलेज नसेल तेव्हा मी तिथं असते. पुढं बसते, रस्त्याच्या बाजूला. एखादा मागवाला विचारतोच, ही पोरगी काय करते हो इथं? तेव्हा चाचा मोठ्यानं सांगतात, “ही म्हेत्रेची समृद्धी. तुझी मोटर हिनं भरलीय. आवडली नाही तर पैसे परत.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पाणी प्यायला उठावं लागलं होतं.

चाचांकडं आता दुसराही धंदा चालतो. ज्या मिस्त्र्यांना वेळ नसतो, माणूस नसतो, ते कॉइल घरी बांधत नाहीत. मापं पाठवतात, आम्ही तयार कॉइलचा सेट बांधून देतो, त्यांनी नुसता खाचेत सरकवायचा. पप्पाही आता तसाच आणतात. सरकवायला त्यांनी आयटीआयचा एक माणूस ठेवलाय. त्या सेटचे फेरे मी देते आणि तारा विस्कटू नयेत म्हणून कॉइलींना दोराही मीच बांधते. वर्तमानपत्रात गुंडाळून चाचा तो पाठवतात. घरात ह्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

गेल्या रविवारी चाचांकडं निघताना आईनं मला डबा घेऊन पप्पांच्या दुकानात पाठवलं. बुगडअण्णा आले होते, जुन्या जागी काउंटरला रेलून. केस पार पिकलेत त्यांचे. पप्पांच्या पुढ्यात वर्तमानपत्र उघडलेलं होतं आणि त्यावर नवी कॉइल, पाकातल्या गुळासारखी. मी पायरीवरच थांबले.

“हे काय मिस्त्री,” अण्णा म्हणाले, “तुम्हीबी विकतचं आणायला लागला? आम्हाला सांगत होता, हात लागतो, हात लागतो.”

“वय झालं अण्णा. बाहेरनं बांधून आणलेलं परवडतं.”

“पण माल बरा हाय काय?”

पप्पांचा अंगठा दोऱ्यावरून फिरत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागं, हळूहळू, जिथं काहीच लागत नाही तिथं.

“एक नंबर. आजवर एकबी सेट माघारी गेला नाही.”

“कुणाचा हात हाय?”

वर बोर्ड होता. त्याची अक्षरं पप्पांनी नुकतीच नव्यानं रंगवून घेतली होती, लाल आणि पिवळी.

“असंल कुणीतरी,” पप्पा म्हणाले. “मुनीरकडं कारागीर काय, येतात, जातात.”

मी पायरी चढून आत गेले.

“पप्पा, डबा.”

त्यांचा अंगठा थांबला. पण मान काही वर झाली नाही.

“ठेव तिथं,” ते म्हणाले.